ऐकू येतंय, पण समजंना

प्रश्न थोडक्यात असा. घर महाद्वार रोडलगतच्या बोळात. विचारणाऱ्या ताई प्राथमिक शाळेत शिकवतात, शाळाही रस्त्याला लागूनच. त्यांचे मिस्टर शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत, फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेल्या लोखंडाचे कंगोरे ग्राइंडरनं घासायच्या कामावर वीस वर्षं. सासूबाईंना बीपीची गोळी चालू. मुलगा बारावीत, कानात सदा इअरफोन. विसर्जन मिरवणुकीनंतर ताईंच्या कानात दोन दिवस बारीक शिट्टी वाजत होती, मग आपोआप थांबली. घरातले सगळे म्हणतात, "आम्हाला सवय झालीय, काही वाटत नाही." तर रोजच्या आवाजानं खरंच कान बिघडतो का, आणि बिघडतो तो फक्त कानच का?

ताई, सवयीपासूनच सुरुवात करते. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, चोवीस वर्षं कोल्हापुरात कान तपासते, आणि हे वाक्य माझ्याकडं येणारा प्रत्येक कामगार म्हणतो. सवय होते म्हणजे आवाजाकडं लक्ष जायचं थांबतं. आवाज कानात शिरायचा थांबत नाही. आणि काही वेळा तर सवय वगैरे काही नसतंच. ग्राइंडरची ती दातावर येणारी किर्र आता टोचत नाही, याचं कारण ती ऐकायची कानातली जागाच मेलेली असते.

गेल्या पावसाळ्यात एक जण आले होते. वय चव्वेचाळीस, काम तुमच्या मिस्टरांसारखंच. बायको ओढून घेऊन आली होती. आवाजबंद खोलीत त्यांना बसवलं, हेडफोन लावला, हातात बटण दिलं: बारीकसा बीप आला तरी दाबा. खालच्या पट्टीचे आवाज त्यांनी पटापट पकडले. अडीचशे, पाचशे, हजार हर्ट्झ, सगळं ठीक. (हर्ट्झ हे पट्टीचं माप, आकडा मोठा तितकी पट्टी वरची; डेसिबल हे आवाजाच्या जोराचं.) मग मी चार हजारावर गेले. वीस डेसिबल, काही नाही. चाळीस, काही नाही. साठला ते काचेतून माझ्याकडं बघायला लागले आणि हेडफोन काढून म्हणाले, "मशीन बंद पडलं काय मॅडम?" मशीन चालू होतं. बाहेर आल्यावर त्यांना विचारलं, घरात नेमकं काय होतं? ते म्हणाले, "ऐकू येतंय, पण समजंना."

एवढ्या चार शब्दांत त्यांनी माझं अर्धं पाठ्यपुस्तक सांगून टाकलं. बोलण्यातले आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट असतात. स, श, च, थ, ख, फ हे वरच्या पट्टीतले आणि हलके. शब्दाचं अंग स्वरानं भरतं, पण तो शब्द कुठला हे ठरवतात ती व्यंजनं. वरची पट्टी गेली की कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय हे कळत नाही. कपिलतीर्थ मंडईत भाजीवाली "साठ" म्हणते आणि माणूस "आठ" ऐकतो. घरात बायको हळू बोलली तर "काय?" आणि मोठ्यानं बोलली तर "ओरडतीस कशाला?" हे नाटक नसतं. बिघडलेल्या कानाला बारीक आवाज पोचत नाही, पण मोठा आवाज पहिल्याइतकाच, कधी त्याहून जास्त टोचतो. किती घरांत यावरून भांडणं झाली असतील, देव जाणे.

आता हे होतं कसं. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी असते, त्यात द्रव, आणि त्यात रांगेनं उभ्या केसपेशी. एका कानात सुमारे पंधरा हजार. ज्या माणसाच्या डोक्यावर लाखभर केस असतात, त्याच्या कानात हे एवढंच भांडवल. मोठा आवाज म्हणजे या नळीत उसळणारी लाट. आपल्याकडं श्रावणात वारं सुटलं की ऊस लोळतो, तसे या पेशींवरचे सूक्ष्म केस लोळतात. वारं थोडं असेल तर दोन दिवसांत ऊस मान वर काढतो. रोजच वारं सुटलं, किंवा एकदाच पण मुळासकट उपटणारं सुटलं, तर तो उठत नाही. फरक एवढाच की शेतात पुन्हा लागण करता येते. सस्तन प्राण्यांच्या कानात केसपेशी पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीच्या उगवतात. आमच्या क्षेत्रातली माणसं कोंबडीवर जळतात ती यासाठी.

नळीच्या तोंडाशी वरच्या पट्टीच्या पेशी बसलेल्या असतात, त्यामुळं पहिला मार त्यांना. त्यात आपल्या कानाची बाहेरची नळी अडीच-तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपणहून वाढवून आत देते. म्हणून आवाजानं बिघडलेल्या कानाच्या तपासणीच्या आलेखात तीन ते सहा हजार हर्ट्झच्या मध्ये, बहुतेक वेळा चार हजारावर, खड्डा दिसतो आणि आठ हजाराला रेघ पुन्हा थोडी सावरते. वयानं कमी झालेलं ऐकणं असं खड्डा पाडत नाही, ते घाटासारखं उतरतच जातं. आलेख बघून मी बऱ्याचदा विचारते, "फौंड्री की माग?" इचलकरंजीचे विणकर माग चालू असताना खुणांनी आणि ओठ बघून बोलतात. निवृत्त जवानांचाही आलेख असाच. सैनिक टाकळीसारखी गावं असलेल्या जिल्ह्यात ते माझ्याकडं काही कमी येत नाहीत. गळिताच्या हंगामात ट्रॅक्टर चालवणारे नवीन गिऱ्हाईक. मुळात इंजिनाचा आवाजच नव्वदीच्या घरात, आणि तो ऐकू येऊ नये म्हणून वर टेप.

किती आवाज चालतो, हे विचारताना लोक एक आकडा मागतात. एक आकडा नसतो, आवाज गुणिले वेळ असा हिशेब असतो. डेसिबलचं माप सरळ चढत नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून ८५ डेसिबलला आठ तास चालत असतील तर ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. हा अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब, मी तोच वापरते. आपल्याकडचे कारखान्यांचे नियम सैल आहेत: आठ तासांना ९० आणि दर पाच डेसिबलला वेळ निम्मी. नियमात बसणं आणि कान वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी मालकांनाही सांगते. त्यांना ते आवडत नाही. फेटलिंगचा ग्राइंडर शंभराच्या आसपास जातो, म्हणजे मिस्टरांचा दिवसाचा कोटा सकाळच्या चहाच्या आधीच संपतो.

मोजायला मोबाईलचं ॲप चालेल, दोन-चार डेसिबलचा फरक धरा. त्याहून सोपं म्हणजे हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागला की समजा ८५ आलं. मध्यवर्ती बसस्थानकासमोर संध्याकाळी करून बघा.

तुमच्या शिट्टीकडं येते. दोन दिवसांत थांबली याचा अर्थ वरून ऊस उभा राहिला. पण २००९ साली हार्वर्डच्या कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर दाखवून दिलं की आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत आली, केसपेशीही शाबूत, तरी पेशी आणि मज्जातंतू यांच्यातले जोड बऱ्याच ठिकाणी कायमचे तुटलेले होते. साध्या तपासणीत हे दिसत नाही, आलेख नॉर्मलच येतो. आणि माणूस म्हणतो, लग्नाच्या हॉलमध्ये मला कुणाचं काही कळत नाही. माणसातही असंच होत असणार असं मानायला बरीच जागा आहे. म्हणून शिट्टी थांबली की हिशेब फिटला असं मी धरत नाही. पुढच्या वेळी शिट्टी किंवा दडा दोन दिवसांत गेला नाही तर तपासून घ्या. आणि एका कानाचं ऐकणं अचानक खाली आलं, तर ती तातडीची गोष्ट आहे, त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरांकडं जायचं. स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत जास्त होतो, दोन आठवड्यांनंतर फारसं हाती राहत नाही. दरवर्षी कुणीतरी महिनाभर कानात कोमट तेल घालून मग माझ्याकडं येतं. तेलानं आतल्या कानापर्यंत काहीही पोचत नाही. ताई, कृपा करून तेल नको.

मिरवणुकीबद्दल मी भांडत नाही, पापाची तिकटी ते गंगावेश मीही चालत गेलेय. पण काही गोष्टी माहीत असाव्यात. आपण ज्याला डॉल्बी म्हणतो (त्या नावाच्या कंपनीचा या भिंतीशी काही संबंध नाही, बिचारी), त्या स्पीकरच्या भिंतीचा आवाज एका घंटेच्या आवाजासारखा अंतरानं झटकन उतरत नाही. भिंत जेवढी मोठी, तेवढा तो लांबपर्यंत टिकतो. त्यात दोन्ही बाजूंनी इमारती असलेला अरुंद रस्ता. छातीत धडकतो तो बेस, आणि आवाज मोजण्याची जी नेहमीची पद्धत आहे ती बेसला कमी लेखते. त्यामुळं मीटरवरचा आकडा खिडकीच्या थरथरण्यापुढं नेहमीच गरीब दिसतो. ढोल-ताशा, हलगी पारंपरिक आहेत म्हणून कानाला सुरक्षित आहेत असंही नाही. ताशाची काडी कानाजवळ शंभरी सहज ओलांडते, वाजवणाऱ्या पोरांनी तर प्लग घालायलाच हवेत.

कायदा आहे, २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. रात्री म्हणजे दहा ते सहा. दवाखाने, शाळा, न्यायालयांभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र करता येतं, तिथं ५० आणि ४०. सण-उत्सवाला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत लाउडस्पीकर लावायची सवलत देता येते. लोक विसरतात ते पुढचं: सवलत वेळेची आहे, आवाजाची नाही. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा दहा डेसिबलनं जास्त किंवा ७५, यातलं जे कमी त्याच्या वर जाता कामा नये.

तुमच्या घरात मला कानांइतकीच काळजी आहे ती सासूबाईंच्या झोपेची. घरात येणारा रस्त्याचा आवाज कान बिघडवण्याएवढा मोठा नसतो. साठ-सत्तर डेसिबलनं केसपेशी मरत नाहीत. पण डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. झोपेतही कान राखण करतो. बुलेटचा सायलेन्सर फटफटला की त्या जाग्या होणार नाहीत कदाचित, पण मेंदूतली धोक्याची घंटा वाजते, ॲड्रेनलिन सुटतं, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात. युरोपात चार विमानतळांजवळच्या १४० लोकांना रात्रभर यंत्र लावून रक्तदाब मोजला, तेव्हा विमान गेल्यावर वरचा आकडा सरासरी ६ मिलिमीटरनं चढला, आणि तो गाढ झोपलेल्यांचाही चढला. शेजारी घोरणाऱ्याच्या आवाजानंही तेच झालं, हे घरात वाचून दाखवायला हरकत नाही. २०१३ साली जर्मनीत माइन्झला निरोगी तरुणांना रात्रभर विमानांचे आवाज ऐकवले, तर सकाळी त्यांच्या रक्तवाहिन्यांची लवचिकता कमी भरली. "सवय" इथं सगळ्यात जास्त फसवते. काही आठवड्यांत माणसाचं जागं होणं कमी होतं, पण नाडीची ती उसळी पूर्णपणे जात नाही. वर्षानुवर्षं रोज रात्री असं चाललं की रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, यावर आता बरंच काम झालेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये युरोपसाठी शिफारस केली ती रस्त्याचा रात्रीचा आवाज ४५ डेसिबलच्या खाली ठेवा अशी. म्हणजे आपल्या नियमातलाच आकडा, तो आपल्याकडं कागदावर आहे.

त्यांची गोळी आहे तशी चालू द्या, ती आवाजामुळं बदलायची नाही. पण त्यांचा पलंग रस्त्याच्या बाजूनं उचलून मागच्या खोलीत न्या. खर्च शून्य. पडद्यांवर पैसे घालवू नका, जाड पडद्यानं खोली गुमसुम वाटते पण ट्रकची घरघर तशीच आत येते. जिथून हवा येते तिथून आवाज येतो, एवढं लक्षात ठेवा आणि खिडकीच्या फटी बुजवा. जुन्या लाकडी खिडक्यांना रबरी पट्टी लावली तरी फरक कळतो. सरकत्या खिडकीपेक्षा घट्ट बसणारी झडपेची खिडकी बरी.

शाळेचं थोडक्यात. न्यूयॉर्कमध्ये एका शाळेच्या शेजारून उंचावरची रेल्वे जायची. १९७५ साली तिथं तपासलं तेव्हा रुळांच्या बाजूच्या वर्गातली सहावीची मुलं वाचनात दुसऱ्या बाजूच्या मुलांपेक्षा जवळपास वर्षभर मागं होती. रुळांखाली रबर घातलं, वर्गांच्या छताला आवाज शोषणारं आवरण लावलं आणि फरक मिटला. तुमचा पहिलीचा वर्ग रस्त्याकडं असेल तर मुख्याध्यापकांशी बोलून तो आतल्या बाजूला घ्या. लहान मुलाकडं शब्दसंग्रह कमी असतो, निसटलेला शब्द ते अंदाजानं भरून काढू शकत नाही. आणि गोंगाटावर आवाज चढवून शिकवणाऱ्या बाईंच्या घशाला गाठी येतात, त्या वेगळ्याच.

मुलाचे इअरफोन: ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, ही जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा. फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाला कुलूप घालता येतं, घाला. बसमध्ये, रस्त्यावर ऐकतो तेव्हाच आवाज वाढतो, कारण बाहेरचा गोंगाट मारायचा असतो. तेव्हा कान नीट बंद करणारा इअरफोन असला तर तो आपणहून कमी ठेवतो. यावर त्याच्याशी रोज कटकट करू नका, एकदा माझ्याकडं आणा.

आता मिस्टर. कापसाचा बोळा उपयोगाचा नाही, तो जेमतेम काही डेसिबल अडवतो. फोमचे प्लग मेडिकलमध्ये वडापावच्या किमतीत मिळतात, पण दहापैकी आठ जण ते चुकीचे घालतात. बोटांनी वळून बारीक वात करायची, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागं ओढायचा, मग वात आत सरकवून तीस सेकंद बोट धरून ठेवायचं. नीट बसला की स्वतःचा आवाज माठात बोलल्यासारखा येतो. तसा आला नाही तर पुन्हा घालायचा. आणि आठ तासांच्या पाळीत फोन घ्यायला म्हणून अर्धाच तास प्लग काढला, तर तीस डेसिबल अडवणाऱ्या प्लगचा दिवसभराचा हिशेब बाराच डेसिबलवर येतो. हे गणित मी शॉपवर फळ्यावर करून दाखवते, तेव्हा कुठं पोरांचे चेहरे बदलतात.

आवाजानं आलेला बहिरेपणा हा कायद्यानं डॉक्टरनं आणि कारखान्यानं कळवायचा आजार आहे. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, व्यावसायिक आजारांच्या यादीतही आहे. भरपाई मागायची तर तपासणीचे जुने कागद लागतात, म्हणून दरवर्षीचा आलेख जपून ठेवायचा. टीबीच्या किंवा दुसऱ्या कुठल्या आजारासाठी त्यांना पूर्वी इंजेक्शनं दिली असतील तर त्यांची फाईलही आणा. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, ॲमिकासिन ही औषधं त्याच केसपेशींवर जातात आणि आवाजाशी जोडी झाली की नुकसान वाढतं.

तपासणीला सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी या, पाळीवर जायच्या आधी. किमान चौदा तास आवाजापासून लांब राहिलेला कान हवा, नाहीतर आदल्या दिवसाचा थकवा आलेखात मिसळतो. रात्री तालमीसमोर हलगी ऐकत उभे राहिले तर दुसरा दिवस घ्या. येताना घरातला प्रत्येक जण टीव्हीचा आवाज कितीवर ठेवतो तो आकडा चार दिवस लिहून आणा, मिस्टरांना न सांगता.